मधुमेही मुलांना एसएमएस: काय लिहायचं, कधी पाठवायचं

टाइप १ मधुमेह असलेल्या मुलांना रोज 'इन्सुलिन घेतलंस का?' असं विचारलं, की लवकरच ती मेसेज न वाचताच पुसतात. त्यापेक्षा एक उद्दिष्ट मुलालाच निवडू द्या आणि मेसेज त्याला धरून लिहा. ठाण्यात क्लास सुटल्यावर स्टेशनबाहेरचा वडापाव ठरलेला असेल, तर त्याच्या दहा मिनिटं आधी: 'खाण्याआधी मोजलंस? आकडा पाठव.'

देवनागरी एसएमएसमध्ये ७० अक्षरंच मावतात. काना, मात्रा, वेलांटी वेगळी मोजली जाते. पुढे गेलात की एकाचे दोन मेसेज होतात, खर्चही दुप्पट. संस्थेतर्फे घाऊक पाठवायचे तर डीएलटीवर (दूरसंचार कंपन्यांच्या नोंदणी पोर्टलवर) नाव आणि मजकुराचा साचा नोंदवावा लागतो. मंजूर साच्यातला एखादा शब्द जरी बदलला, तरी मेसेज अडतो.

'शुगर' हा शब्द लॉक स्क्रीनवर मित्रांना दिसतो, म्हणून खुणेचा शब्द ठरवा. उत्तरं कोण वाचणार, किती वाजेपर्यंत, हेही आधीच सांगा.

रक्तातल्या साखरेचा ७० च्या (मिग्रॅ/डेसिलि) खालचा आकडा आला, तर लगेच फोन करा, मागोमाग मेसेज: '१५ ग्रॅम ग्लुकोज घे. १५ मिनिटांनी पुन्हा मोज.' मूल बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नये, घरच्यांनी १०८ लावावा. डोस मात्र मेसेजवर बदलू नका.

स्कॉटलंडमधल्या डंडीत २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नुसत्या मेसेजनी एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी दाखवणारा आकडा) उतरलं नाही. सघन इन्सुलिन उपचारांची (दिवसातून अनेक इंजेक्शनं किंवा पंप) जोड मिळाली तेव्हा उतरलं.