घर सोडताना वीजजोडणी आणि अखेरचे बिल: कोल्हापूरकरांसाठी मार्गदर्शन

मुंबई उपनगरातील बऱ्याच घरगुती ग्राहकांना टाटा पॉवर आणि अदानी इलेक्ट्रिसिटी यांपैकी एकीची निवड करता येते. कोल्हापुरात मात्र घरात येणारी वीज महावितरणचीच असते. त्यामुळे येथे प्रश्न पुरवठादार बदलण्याचा नसून, घर विकताना किंवा सोडताना जुनी जोडणी कोणाच्या नावावर ठेवायची आणि हिशेब कसा मिटवायचा, हा असतो.

घरात दुसरे कोणी राहायला येणार असेल, तर जोडणी बंद करण्याऐवजी नावबदलाचा अर्ज करणे सोयीचे. शिवाजी पेठेत किंवा मंगळवार पेठेत अनेक जुन्या घरांची बिले अजून आजोबांच्या नावाने येतात. अशा घरात वारसाहक्काची कागदपत्रे आधी जुळवावीत. घर विकत घेणाऱ्याने तर व्यवहारापूर्वीच थकबाकी तपासावी, कारण आधीच्या मालकाची थकबाकी नव्या मालकाकडे मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये मान्य केले आहे. मालकाच्या नावावरील जोडणी वापरणाऱ्या भाडेकरूला अर्ज करावा लागत नाही. त्याने घर सोडायच्या दिवसाचे रीडिंग मालकासमोर लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात.

सर्वाधिक वाद अखेरच्या रीडिंगवरून होतात. जोडणी कायमची बंद करण्याच्या अर्जात ग्राहक क्रमांक, बंद करण्याची तारीख आणि त्या दिवसाचे रीडिंग लिहावे, अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी, आणि मीटर काढण्यापूर्वी त्याचा क्रमांक व आकडे एकत्र दिसतील असे छायाचित्र काढून ठेवावे. घराला कुलूप असल्यामुळे मागील काही महिने सरासरी बिल आले असेल, तर राहिलेली सगळी युनिटे अखेरच्या बिलात एकदम पडतात. घरगुती दराचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटांवर बदलत असल्याने, ही युनिटे एकाच महिन्याची धरली गेल्यास ग्राहकावर महागड्या टप्प्याचा भार येतो, आणि तो त्याने मुळीच सोसू नये. ती प्रत्यक्ष वापराच्या महिन्यांत विभागून बिल दुरुस्त करून द्यावे, अशी लेखी मागणी करावी.

सुरक्षा ठेवीकडे लोक विनाकारण दुर्लक्ष करतात. ही रक्कम साधारणपणे दोन महिन्यांच्या सरासरी बिलाएवढी असते, तिच्यावर व्याजही मिळते आणि जोडणी बंद झाल्यावर ती अखेरच्या बिलातून वळती होऊन उरलेली परत मिळायला हवी. त्यासाठी अर्जासोबतच बँक खात्याचा तपशील आणि ठेवीची जुनी पावती द्यावी. पावती हरवली असेल, तर बिलावर छापलेली ठेवीची रक्कम दाखवावी.

बिल पटले नाही, तर १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते, परंतु लेखी तक्रार अधिक भक्कम ठरते. तेवढ्याने न सुटल्यास कोल्हापूर परिमंडळाच्या ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे आणि तेथेही समाधान न झाल्यास विद्युत लोकपालाकडे जाता येते. अखेरच्या बिलात अचानक जुनी थकबाकी उगवली, तर विद्युत अधिनियम २००३ चे कलम ५६ दाखवावे: रक्कम प्रथम देय झाल्यापासून दोन वर्षांनंतर, ती बिलात सतत थकबाकी म्हणून दाखवलेली नसेल, तर वसूल करता येत नाही.

गॅस सिलिंडरचे काम त्या मानाने सोपे आहे. गाव सोडताना सिलिंडर आणि रेग्युलेटर वितरकाकडे जमा करावेत, त्याचे व्हाउचर घ्यावे आणि त्यावरील अनामत रकमेची जुन्या पावतीशी तिथेच पडताळणी करावी.