पट्टी संपायच्या आधी: फिटच्या गोळ्या आणि बाळंतपणाची तयारी

फिटच्या गोळ्या चालू असलेल्या बाईला दिवस गेले, की घरातून पहिला सल्ला येतो तो ठरलेला: "आता त्या गोळ्या बंद कर, पोराला बाधतील." आमच्या मेडिकलच्या काउंटरवर तो सासूच्या, आईच्या, कधी नवऱ्याच्याही तोंडून ऐकू येतो. म्हणून तयारीतलं पहिलं काम हेच, की गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, अर्धी करायची नाही, दिवसाआडही करायची नाही. अचानक थांबवली तर एकामागून एक, न थांबणाऱ्या फिट येऊ शकतात. त्यात आईच्या जिवाला धोका असतो आणि पोटातल्या बाळालाही प्राणवायू कमी पडतो. औषधात जो काय बदल करायचा तो डॉक्टरांनी.

आणि तो बदल शक्यतो दिवस राहायच्या आधी व्हायला हवा. बाळाच्या पाठीच्या कण्याची नळी गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत मिटते. म्हणजे पाळी चुकली हे लक्षात येऊन तपासणी होईपर्यंत ते काम बहुधा उरकलेलं असतं. तेव्हा लग्न ठरलं, किंवा मूल हवं असा विचार सुरू झाला, की मेंदूविकारतज्ज्ञांची भेट आधी घ्या. सावंतवाडी-कुडाळकडची माणसं गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात जातात, बरीचशी घाट चढून कोल्हापूर गाठतात, रत्नागिरीकडची मुंबईलाही. कुठेही जा, पण हातातल्या गोळीचं नाव विचारून या. व्हॅल्प्रोएट असेल तर हा प्रश्न टाळूच नका. ते औषध घेणाऱ्या आयांच्या शंभरातल्या साधारण दहा बाळांमध्ये मोठं जन्मजात व्यंग दिसतं, एरवी हे प्रमाण दोन-तीन असतं. शिवाय शंभरातल्या तीस-चाळीस मुलांना पुढे बोलण्यात, शिकण्यात, वागण्यात अडचणी येऊ शकतात. टोपिरामेट, फेनोबार्बिटोन, फेनिटॉइन यांच्याबद्दलही विचारायला हवं. लॅमोट्रिजिन आणि लेव्हेटिरासेटाम ही त्या मानाने सुरक्षित ठरली आहेत. पण व्हॅल्प्रोएट चालू असतानाच दिवस गेले असतील, तर हे वाचून आज रात्रीची गोळी चुकवू नका. घ्या, आणि उद्या डॉक्टरांना फोन करा.

धीर देणारी गोष्ट अशी, की अपस्मार, म्हणजे फिटचा आजार, असलेल्या बहुतेक बायकांची बाळंतपणं सुखरूप होतात आणि बाळंही धडधाकट असतात. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत १९९८ पासून अशा गरोदर स्त्रियांची नोंद ठेवली जाते. त्यामुळे आपल्याकडच्या डॉक्टरांना फक्त परदेशातल्या आकड्यांवर विसंबावं लागत नाही.

फॉलिक ॲसिडचा घोळ आमच्याकडे नेहमी होतो. फिटची औषधं घेणाऱ्या बाईला डॉक्टर बहुधा ५ मिलिग्रॅमची गोळी देतात, तीही दिवस राहायच्या निदान तीन महिने आधीपासून. आशाताई देतात त्या लाल गोळीत लोह ६० मिलिग्रॅम आणि फॉलिक ॲसिड अर्धाच मिलिग्रॅम असतं. "ती मिळते ना फुकट, मग ही कशाला?" असं म्हणून पाचची सोडू नका. दोन्ही घ्यायच्या का आणि कधी, ते डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्या. फेनिटॉइन चालू असेल तर कॅल्शियम किंवा ॲसिडिटीचं औषध त्याच वेळी घेऊ नये, फेनिटॉइन अंगी कमी लागतं. मध्ये किती तास सोडायचे, तेही त्याच चिठ्ठीवर.

आता गोळ्यांच्या पट्टीचं. आपल्याकडे पावसाळ्यात घाटात दरड आली, पऱ्याला, म्हणजे ओढ्याला, पाणी चढलं, की औषधांची गाडी दोन-दोन दिवस येत नाही. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळ आलं, २०२१ च्या जुलैत चिपळूण पाण्याखाली गेलं, तेव्हा फ्रिजपासून फोनपर्यंत सगळंच बंद होतं. म्हणून मिरग (मृग नक्षत्र) लागायच्या आत निदान महिनाभराचा जादा साठा घरात ठेवा, आणि शेवटची पट्टी फोडली त्याच दिवशी दुकानात निरोप द्या. कंपनी बदलून देऊ नका असं आम्हाला बजावून सांगा. नाव वेगळं असलं तरी औषध तेच, हे खरं. पण फिटच्या औषधात एकच कंपनी धरून राहिलेलं बरं, बदलायचीच वेळ आली तर डॉक्टरांना विचारून. गोळ्या आठवड्याच्या डबीत काढून ठेवायची सवय शहरात चांगली, इथे आषाढात नाही. व्हॅल्प्रोएटसारखी गोळी हवेतला ओलावा ओढते आणि मऊ पडते. घेताना पट्टीतून काढायची.

पट्टी फेकून देऊन गोळ्या कागदात बांधून नेणाऱ्या मुलीही आम्ही बघतो. कारण ओलावा नाही, सासरी कळू नये हे असतं. लपवलेली गोळी चुकतेच: पाहुणे आले, पिशवी दुसऱ्या खोलीत राहिली, रात्र गेली. १९९९ साली हिंदू विवाह कायद्यातून अपस्माराचा अडसर काढून टाकला, लोकांच्या मनातून तो निघायला वेळ लागतोय. देवस्की, बाहेरची बाधा म्हणणारे अजून आहेत. गाऱ्हाणं घालायचं त्यांनी घालावं, गोळी मात्र वेळेवर. घरातल्या एका तरी माणसाला, नवऱ्याला नाहीतर जावेला, सगळं ठाऊक असू दे.

पहिल्या तीन महिन्यांत उलट्या होतात. गोळी घेतल्यावर किती वेळात उलटी झाली तर ती पुन्हा घ्यायची, हे आधीच विचारून भिंतीवर लिहून लावा. हरतालिकेचा निर्जळी उपवास आणि मार्गशीर्षातले गुरुवार यंदा सोडा, किंवा निदान गोळीपुरतं पाणी घ्या. दशावतार आणि शिमग्याची जागरणंही नकोत. झोपमोड हे फिटचं मोठं कारण आहे.

पोट वाढतं तसं शरीर औषध लवकर बाहेर टाकतं. लॅमोट्रिजिनची रक्तातली पातळी तर अर्ध्यावरही येऊ शकते. तेव्हा डॉक्टर डोस वाढवतात. तो वाढलेला बघून घाबरू नका. दिवस राहायच्या आधी एकदा पातळी तपासून ठेवली असेल तर पुढे तुलनेला फार उपयोगी पडते. अकरा ते चौदा आठवड्यांतली आणि अठरा ते वीस आठवड्यांतली सोनोग्राफी चुकवू नका, आणि करणाऱ्या डॉक्टरांना औषधाचं नाव सांगा.

घरातली कामं वाटून घ्या. विहिरीवर पाणी ओढणं, व्हाळावर कपडे, खाडीत कालवं काढायला उतरणं, हे एकटीने नाही. चुलीपाशीही सोबत हवी. न्हाणीघराला आतून कडी घालू नका.

फिट आलीच तर घड्याळ बघा, कुशीवर वळवा, तोंडात चमचा-पाणी काही घालू नका, हातपाय दाबून धरू नका. कांदा आणि चप्पल हुंगवण्यात वेळ जातो, बाकी काही होत नाही. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८ ला फोन. पाचव्या महिन्यानंतर आलेली फिट नेहमीचीच असेल असं धरून चालू नका. रक्तदाब वाढूनही झटके येतात आणि त्याचा उपचार वेगळा असतो, म्हणून रुग्णालयात न्यायचंच.

बाळंतपणाला माहेरी जायचं असेल तर डॉक्टर बदलतात. फाईल, चिठ्ठ्या आणि तिथल्या दुकानात तीच गोळी मिळते का याची चौकशी सातव्या महिन्यातच उरका. प्रसूती रुग्णालयातच. फक्त फिटचा आजार आहे म्हणून सिझर लागत नाही. कळांच्या गडबडीत सगळे गोळी विसरतात, म्हणून पट्टी पिशवीत वरच ठेवा आणि सिस्टरना वेळ सांगून ठेवा. उपाशी ठेवलं असेल तरी गोळीचं काय, हे विचारा. बाळाला जन्मल्यावर व्हिटॅमिन के चं इंजेक्शन दिलं का, तेही.

बाळ झाल्यावर चित्र उलटतं. वाढवलेला डोस आता जास्त होऊ लागतो. चक्कर, दोन-दोन दिसणं, तोल जाणं असं झालं तर "बाळंतपणाचा अशक्तपणा" म्हणून सोडू नका. डोस पुन्हा कधी आणि किती उतरवायचा ते घरी यायच्या आधीच लिहून घ्या. दूध पाजायला बहुतेक औषधांत हरकत नसते. बाळ फार गुंगलेलं वाटलं, दूध ओढेना, तर दाखवा. रात्रीचं एक पाजणं काढून ठेवलेल्या दुधावर आजीकडे सोपवा आणि सलग झोप घ्या. खाटेखालची शेगडी मात्र नकोच, शेक द्यायचाच तर कोणीतरी समोर बसून. बाळाला अंघोळ दुसऱ्याने घालावी, दुपटं बदलायचं ते जमिनीवर चटई घालून.

दीड महिन्याच्या तपासणीला आणखी एक प्रश्न न्या: पाळणा लांबवायचा कसा? कार्बामॅझेपिन, फेनिटॉइन, फेनोबार्बिटोन यांच्यामुळे गर्भनिरोधक गोळी निकामी ठरू शकते, आणि इस्ट्रोजेन असलेल्या गोळीने लॅमोट्रिजिनची पातळी उतरते. तांबीला (कॉपर-टी) यातली कुठलीच अडचण नाही.