रनिंग बॅकची कारकीर्द आकड्यांतून कशी वाचावी

अमेरिकन फुटबॉलमधल्या रनिंग बॅकची, म्हणजे चेंडू हातात घेऊन पळणाऱ्या खेळाडूची, थोरवी बहुधा एकाच आकड्यात सांगितली जाते: कारकिर्दीत तो एकूण किती यार्ड धावला. माझा आग्रह असा की हा आकडा सर्वांत शेवटी पाहावा. चेंडू किती वेळा हातात मिळणार, समोरची फळी फोडून वाट करून देणारे पाच जण कसे आहेत आणि प्रशिक्षक कोणत्या पद्धतीने खेळवतो, यांपैकी एकही गोष्ट रनिंग बॅकच्या हाती नसते. एकूण यार्डांत मात्र या तिन्ही गोष्टी कालवलेल्या असतात, आणि त्या वेगळ्या काढल्याशिवाय खेळाडू नीट दिसत नाही. हे काम शिकायला डेट्रॉइट लायन्सच्या बॅरी सँडर्सइतके सोयीचे उदाहरण मला दुसरे सापडलेले नाही, कारण कॉलेज आणि व्यावसायिक अशा त्याच्या दोन्ही कारकिर्दींत वरवरचा आकडा वाचणाऱ्याला चकवतो.

वहीचे एक पान आडवे धरून त्यावर वर्ष, सामने, कॅरी, यार्ड आणि टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोल रेषेपलीकडे नेणे) असे रकाने आखावेत. चेंडू घेऊन पळण्याच्या प्रत्येक खेपेला कॅरी म्हणतात. ‘धाव’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर क्रिकेटच येते, म्हणून मी तो शब्द टाळतो. यार्डांना कॅरींनी भागले की सरासरी निघते. संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे असते, त्यामुळे सरासरी चारच्या वर राहिली तर खेळाडू चांगला समजावा, आणि ती अनेक वर्षे पाचपर्यंत टिकली तर काहीतरी विलक्षण चालले आहे असे समजून पुढचे वाचन सावकाश करावे.

कॉलेजची वर्षे वाचताना पहिला प्रश्न हा विचारावा की याच्या पुढे रांगेत कोण उभे होते. सँडर्स ओक्लाहोमा स्टेटमध्ये १९८६ आणि १९८७ अशी दोन वर्षे राखीव होता, आणि ते रकाने तोकडे पाहून नवखा वाचक त्याला उशिरा उमललेला खेळाडू ठरवतो. प्रत्यक्षात त्याच्या जागेवर थर्मन थॉमस खेळत होता, जो पुढे बफेलो बिल्सकडून खेळून हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोर खेळाडूंच्या सन्मानयादीत, गेला. थॉमस बाहेर पडला आणि १९८८ मध्ये सँडर्सने ३४४ कॅरींत २,६२८ यार्ड आणि ३७ टचडाउन केले. त्या वर्षी त्याला हाइजमन ट्रॉफी, म्हणजे सर्वोत्कृष्ट कॉलेज खेळाडूचा पुरस्कार, मिळाली.

आता सामन्यांचा रकाना पाहावा, कारण खरी गोम तिथे आहे. हे २,६२८ यार्ड ११ सामन्यांतले आहेत. हंगामाअखेरच्या बोल सामन्यातले आकडे त्या काळी अधिकृत बेरजेत धरत नसत. ते धरण्याची प्रथा २००२ पासून सुरू झाली. म्हणून वायोमिंगविरुद्धच्या हॉलिडे बोलमधले त्याचे २२२ यार्ड आणि ५ टचडाउन हिशेबाबाहेरच राहिले. बॉइझी स्टेटचा अ‍ॅश्टन जँटी २०२४ मध्ये २,६०१ यार्डांपर्यंत पोहोचला, तेव्हा सँडर्सचा एका हंगामातल्या यार्डांचा विक्रम थोडक्यात हुकल्याची हळहळ पुष्कळ झाली. त्याचे सामने मात्र १४ होते आणि त्यांत बोल सामन्यातल्या १०४ यार्डांचाही समावेश होता. जँटीला यात कमी लेखण्याचे कारण नाही, पण दोन वेगळ्या मापांनी मोजलेले कापड शेजारी ठेवून लांबी ताडू नये.

व्यावसायिक संघ कॉलेजचे खेळाडू आळीपाळीने निवडतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात; त्यातल्या क्रमांकावर फार वेळ घालवू नये. कॉलेजचे एक वर्ष शिल्लक असताना सँडर्सला ड्राफ्टमध्ये उतरण्याची खास परवानगी मिळाली आणि १९८९ मध्ये लायन्सने त्याला तिसऱ्या क्रमांकावर घेतले. उंची ५ फूट ८ इंच. एवढे टिपून पुढे जावे.

व्यावसायिक कारकीर्द वाचताना वर्षाची बेरीज अपुरी पडते, म्हणून सामनावार नोंदी उघडाव्यात. सँडर्सचे १९९७ हे वर्ष नमुन्यादाखल घ्यावे. ३३५ कॅरी, २,०५३ यार्ड, सरासरी ६.१, एका हंगामात दोन हजारांची सीमा ओलांडणारा तो तिसरा. पहिल्या दोन सामन्यांत मात्र त्याचे मिळून अवघे ५३ यार्ड झाले होते, म्हणजे उरलेल्या १४ सामन्यांत नेमके २,००० भरतात, आणि त्या प्रत्येक सामन्यात त्याने शंभरी ओलांडली. आणखी एक पायरी खाली उतरावे. दुसऱ्या सामन्यात टॅम्पा बेने त्याला २० यार्डांवर रोखले होते. १२ ऑक्टोबरला त्याच संघाविरुद्ध त्याने २४ कॅरींत २१५ यार्ड काढले. त्यांत एक मुसंडी ८० यार्डांची आणि दुसरी ८२ यार्डांची होती. त्या दोन वजा केल्या तर बाकीच्या २२ कॅरींत ५३ यार्ड उरतात, म्हणजे कॅरीमागे अडीचदेखील नाहीत. सरासरी नऊच्या आसपास दिसते, पण त्या दिवशी एकही कॅरी नऊ यार्डांची ‘सरासरी’ कॅरी नव्हती म्हटले तरी फारसे चुकणार नाही.

हाच त्याचा स्वभाव होता. समोर वाट बंद दिसली की दोन-तीन यार्डांवर समाधान मानण्याऐवजी तो मागे वळे, मैदान आडवे कापून दुसऱ्या टोकाला वाट शोधी, आणि ती सापडली नाही तर तोटा पदरी घेई. अशा मागे ढकलल्या गेलेल्या कॅरींत त्याने कारकिर्दीत हजाराहून अधिक यार्ड गमावले. ३१ डिसेंबर १९९४ रोजी ग्रीन बेविरुद्धच्या प्लेऑफ (हंगामानंतरच्या बाद फेरीच्या) सामन्यात तर १३ कॅरींचा हिशेब उणे १ यार्ड असा लागला. सरासरी वाचताना अशा सामन्यांवर पांघरूण घालू नये. लांब मुसंड्या आणि हे तोटे एकाच सवयीतून येतात.

टचडाउनच्या रकान्याला मी सर्वांत कमी किंमत देतो. १९९४ मध्ये १,८८३ यार्ड धावूनही सँडर्सचे धावून केलेले टचडाउन फक्त ७ होते, तर पुढच्याच वर्षी डॅलसच्या एमिट स्मिथने १,७७३ यार्डांत २५ केले. गोल रेषेजवळ पोहोचल्यावर चेंडू कोणाला द्यायचा हा प्रशिक्षकाचा निर्णय असतो, आणि मुळात तिथवर किती वेळा पोहोचायचे हे संपूर्ण संघाच्या ताकदीवर ठरते. स्मिथच्या पुढे त्या काळातली सर्वांत बलाढ्य मानली गेलेली ऑफेन्सिव्ह लाइन, म्हणजे वाट करून देणारी पाच जणांची फळी, होती. लायन्सला सँडर्सच्या दहा वर्षांत प्लेऑफमधला एकच विजय मिळाला, तोही जानेवारी १९९२ मध्ये डॅलसविरुद्ध.

उतार ओळखताना घाई करू नये. तिशीच्या सुमाराला रनिंग बॅकचे पाय जड होतात, हे सर्वसाधारणपणे खरे आहे, आणि १९९८ मध्ये सँडर्सची सरासरी ६.१ वरून ४.३ वर आली तेव्हा तो तीस वर्षांचा होता. पण पानावर वर नजर टाकली तर १९९२ ची सरासरीही ४.३ च दिसते, आणि त्यानंतर दोनच वर्षांनी ती ५.७ झाली होती. एका वर्षाच्या घसरणीवरून ‘संपला’ असे लिहिणाऱ्यांनी निदान आधीची सहा वर्षे वाचावीत.

आता एकूण आकडे पाहायला हरकत नाही. सँडर्सचे ३,०६२ कॅरींत १५,२६९ यार्ड, सरासरी ५.०. विक्रम ज्याच्या नावावर आहे त्या स्मिथचे ४,४०९ कॅरींत १८,३५५, सरासरी ४.२. दोघांतले अंतर तीन हजार यार्डांचे दिसते, पण ते १,३४७ जादा कॅरींचे अंतर आहे. वर्षानुवर्षे इतका मार खाऊन उभे राहणे हीसुद्धा कला आहे, आणि स्मिथचे मोठेपण मी तिच्यात मानतो.

शेवटचे वर्ष वाचताना पहिल्या वर्षाची ओळ पुन्हा वाचावी. जुलै १९९९ मध्ये, वयाच्या ३१ व्या वर्षी, सँडर्सने विचिटा या आपल्या गावच्या वर्तमानपत्राला फॅक्स पाठवून निवृत्ती जाहीर केली. वॉल्टर पेटन या रनिंग बॅकच्या कारकिर्दीतल्या एकूण यार्डांच्या तेव्हाच्या विक्रमाशी बरोबरी करायला त्याला १,४५७ यार्ड हवे होते, म्हणजे त्याचे नेहमीचे एक वर्ष. चाहते चक्रावले. पण १९८९ च्या ओळीत १,४७० यार्ड आहेत आणि त्या वर्षी पहिल्या आलेल्या कॅन्सस सिटीच्या ख्रिश्चन ओकोयेचे १,४८०. शेवटच्या सामन्यात विजय हाताशी असताना प्रशिक्षकांनी नवख्या सँडर्सला उरलेल्या दहा यार्डांसाठी पुन्हा मैदानात जायचे का, असे विचारले होते. तो बाकावरून उठला नाही.