उभ्या गाडीपासून चार हात लांब

सायकलवरून ऑफिसला जाताना भीती वाटते मागून येणाऱ्या बसची. मला मात्र पुण्यात टिळक रस्त्यावर आडवं केलं ते उभ्या गाडीच्या फाटकन उघडलेल्या दारानं. कोपर सोलवटलं, हँडल वाकलं. तेव्हापासून कडेच्या गाड्यांपासून निदान 1 मीटर अंतर ठेवते. मागचे हॉर्न वाजवेनात का! मागच्या काचेतून चालकाच्या सीटवर डोकं दिसतंय का, ब्रेकचे लाल दिवे नुकतेच विझलेत का, बघत चला. दिसलं की वेग कमी, बोटं ब्रेकवर. दोन गाड्यांमधल्या मोकळ्या जागेत शिरू नका, बाहेर येताना मागच्याला तुम्ही एकदम समोर दिसता. आणि गाडी तुम्हीच चालवत असाल, तर उजवीकडचं दार डाव्या हातानं उघडा: अंग आपोआप वळतं, नजर मागे जाते.