मानवी अंतराळ उड्डाण थेट पाहताना लक्ष कुठे ठेवावे

८ जुलै २०११ रोजी ‘अटलांटिस’ या यानाने नासाच्या स्पेस शटल मालिकेतील शेवटचे उड्डाण केले आणि त्यानंतर जवळपास नऊ वर्षे अमेरिकेच्या भूमीवरून एकही माणूस पृथ्वीच्या कक्षेत गेला नाही. या काळात नासा रशियाच्या सोयूझ यानातील जागा विकत घेत होती. ३० मे २०२० रोजी डग हर्ली आणि बॉब बेन्केन हे स्पेसएक्स या खासगी कंपनीच्या क्रू ड्रॅगन यानातून केनेडी अंतराळ केंद्राच्या ३९-ए या तळावरून निघाले, तेव्हा ही खंडित परंपरा पुन्हा सुरू झाली. (हर्ली हे त्या शेवटच्या शटलचेही वैमानिक होते.) आता अशी उड्डाणे वरचेवर होतात आणि काही तास चालणारे त्यांचे चित्रण कोणालाही पाहता येते. बहुतेक प्रेक्षक मात्र शेवटची दहा मिनिटे पाहतात आणि रॉकेट ढगांआड गेले की उठतात. खरे पाहण्यासारखे असते ते वेगळेच: ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार कोणत्या क्षणी कोणाकडे आहे आणि तो कसा वापरला जातो. त्यावर नजर ठेवली, तर रद्द झालेले उड्डाणही वाया गेल्यासारखे वाटत नाही.

म्हणून सर्वप्रथम उड्डाण कोणाचे आहे, हे पाहावे. सप्टेंबर २०१४ मध्ये नासाने अंतराळवीरांना आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर नेण्यासाठी बोइंगला सुमारे ४.२ अब्ज आणि स्पेसएक्सला सुमारे २.६ अब्ज डॉलरची ठरावीक रकमेची कंत्राटे दिली. यान कंपनीच्या मालकीचे, ते चालवणारी कंपनीच आणि नासा केवळ ग्राहक, अशी ती रचना आहे. मात्र हा ग्राहक साधासुधा नाही. अंतराळ स्थानकावर जाणाऱ्या मोहिमेआधी उड्डाण-सज्जतेचा औपचारिक आढावा होतो आणि नासाची मंजुरी मिळाल्याशिवाय तिचे अंतराळवीर यानात बसत नाहीत. २०२१ मधील ‘इन्स्पिरेशन ४’सारख्या पूर्णपणे खासगी मोहिमेत चित्र बदलते. तिथे अमेरिकेचे विमान वाहतूक प्रशासन परवाना देते, पण त्याची मुख्य जबाबदारी जमिनीवरील लोकांच्या सुरक्षिततेची असते. यानातील प्रवासी धोका समजून घेऊन लेखी संमती देतात. बातमीत या दोन प्रकारांची सरमिसळ फार होते, त्यामुळे ही नोंद स्वतःच करून ठेवावी.

पुढची बाब वेळेची. फ्लोरिडाचे घड्याळ उन्हाळ्यात भारतीय वेळेच्या साडेनऊ तास मागे असते आणि हिवाळ्यात साडेदहा तास. तारीख बदलते, हेही लक्षात ठेवावे. स्थानकाकडे जाणाऱ्या फाल्कन ९ ला, म्हणजे ड्रॅगन वाहून नेणाऱ्या स्पेसएक्सच्या रॉकेटला, उड्डाणासाठी ठरलेला एकच क्षण मिळतो. स्थानकाची कक्षा विषुववृत्ताशी ५१.६ अंशांचा कोन करते आणि पृथ्वीच्या परिवलनामुळे तळ त्या कक्षेच्या पातळीखाली येतो, तेव्हाच निघावे लागते. हा क्षण दररोज वीस-पंचवीस मिनिटांनी अलीकडे सरकतो. २०२० मधील पहिला प्रयत्न २७ मे रोजी दुपारी ४ वाजून ३३ मिनिटांचा होता आणि प्रत्यक्ष उड्डाण ३० मे रोजी ३ वाजून २२ मिनिटांनी झाले, यावरून हा हिशोब सहज ताडून पाहता येतो. उड्डाण पुढे ढकलले गेले, तर ‘उद्या याच वेळी’ असे गृहीत धरू नये.

हवामानाचा अंदाज वाचताना एक गफलत हमखास होते. अमेरिकी अंतराळ दलाची ४५ वी हवामान तुकडी जी टक्केवारी जाहीर करते, ती तळाच्या परिसरापुरती असते. माणसे यानात असताना एवढ्यावर भागत नाही, कारण चढताना काही बिनसले, तर कुपी (यानाचा माणसे बसलेला भाग) उड्डाणमार्गाखालील अटलांटिक महासागरात कुठेही उतरू शकते. म्हणजे फ्लोरिडाच्या किनाऱ्यापासून थेट आयर्लंडजवळच्या समुद्रापर्यंत वारा आणि लाटा मर्यादेत असाव्या लागतात. हा धोका हवामानाच्या अंदाजात वेगळा नोंदवलेला असतो आणि तो आवर्जून वाचावा. विजेबाबतचे नियम तर फारच कडक आहेत, आणि त्यामागे कारण आहे: नोव्हेंबर १९६९ मध्ये अपोलो १२ ला उड्डाणानंतरच्या पहिल्याच मिनिटात दोनदा विजेचा तडाखा बसला होता. चढणारे रॉकेट आणि त्याच्यामागचा तप्त वायूंचा झोत स्वतःच वीज ओढून घेऊ शकतो. म्हणून प्रत्यक्ष वीज चमकत नसली, तरी ढगांतील विद्युतभार पुरेसा असेल, तर उड्डाण थांबवले जाते. २७ मे २०२० रोजी नेमके हेच झाले आणि सतरा मिनिटांहून कमी वेळ उरला असताना उलटगणती थांबली. थोडा वेळ थांबले असते तर, हा विचार प्रेक्षकांच्या मनात येतोच. परंतु ठरलेला क्षण एकच असल्यामुळे थांबायला जागाच नव्हती.

ज्यांना एकच भाग पाहायला वेळ आहे, त्यांनी उड्डाणाला पंचेचाळीस मिनिटे उरल्यापासून तीस मिनिटे उरेपर्यंतचा भाग पाहावा, असे माझे मत आहे. अंतराळवीर त्याआधी जवळपास दोन तास यानात बसलेले असतात, दार बंद करून गळतीची तपासणी झालेली असते. सुमारे ४२ मिनिटे उरली, की यानाकडे जाणारा पूल हळूहळू बाजूला होतो. त्यानंतर सुटका-यंत्रणा कार्यान्वित केल्याची घोषणा होते. यानाच्या भिंतीत बसवलेली आठ सुपरड्रॅको इंजिने आता गरज पडल्यास कुपीला रॉकेटपासून दूर फेकण्यास सज्ज असतात. ३५ मिनिटे उरताना केरोसीन आणि द्रव ऑक्सिजन भरण्यास सुरुवात होते. हा क्रम नीट पाहावा, कारण त्यावर मोठा वाद झाला होता. आधी टाक्या भरायच्या आणि मग माणसांना आत बसवायचे, ही अनेक दशकांची रीत होती. स्पेसएक्स अतिथंड केलेला ऑक्सिजन वापरते. तो घनतेमुळे जास्त मावतो, पण उबदार होऊ लागला, की तो फायदा जातो, त्यामुळे अगदी शेवटी भरावा लागतो. १ सप्टेंबर २०१६ रोजी तळावर इंधन भरले जात असताना फाल्कन ९ चा स्फोट झाला आणि या पद्धतीविषयीच्या शंका बळावल्या. बऱ्याच चाचण्यांनंतर नासाने ती मान्य केली. अट एवढीच की, इंधनाचा पहिला थेंब टाकीत जाण्यापूर्वी सुटका-यंत्रणा तयार हवी. शटलमध्ये अशी यंत्रणाच नव्हती.

शेवटच्या पाच मिनिटांत निर्णय हळूहळू माणसांकडून संगणकाकडे जातो. बोइंगच्या स्टारलायनर यानाच्या पहिल्या मानवी उड्डाणात, १ जून २०२४ रोजी, ३ मिनिटे ५० सेकंद उरलेले असताना जमिनीवरील संगणकाने उलटगणती आपोआप थांबवली. एका संगणक संचाच्या वीजपुरवठ्यात दोष निघाला. सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर यांना यानातून बाहेर यावे लागले आणि उड्डाण ५ जूनला झाले. घड्याळ थांबले, की प्रत्येक वेळी बिघाडच झाला, असेही नाही. स्टारलायनर वाहून नेणाऱ्या अ‍ॅटलस ५ या रॉकेटच्या वेळापत्रकात चार मिनिटे उरताना ठरवून घेतलेला विराम असतो, फाल्कनच्या अखेरच्या टप्प्यात तो नसतो.

उड्डाणानंतर साधारण एका मिनिटाने रॉकेटवरचा हवेचा दाब सर्वाधिक होतो आणि अडीच मिनिटांनी पहिला टप्पा, म्हणजे रॉकेटचा खालचा भाग, सुटतो. मधून मधून ‘वन अल्फा’, ‘टू अल्फा’, ‘शॅनन’ असे पुकारे ऐकू येतात. त्या क्षणी उड्डाण सोडावे लागले, तर कुपी समुद्राच्या कोणत्या पट्ट्यात उतरेल, हे त्यातून कळते. सुमारे नऊ मिनिटांच्या आसपास दोन गोष्टी जवळजवळ एकाच वेळी घडतात: दुसऱ्या टप्प्याचे इंजिन बंद होते आणि पहिला टप्पा परत येऊन उभा राहतो. कॅमेरा बहुतेक वेळा परतणाऱ्या पहिल्या टप्प्याकडे जातो, कारण ते दृश्य देखणे आहे. आपण मात्र कक्षा मिळाल्याची घोषणा कान देऊन ऐकावी. बाराव्या मिनिटाच्या सुमारास ड्रॅगन रॉकेटपासून वेगळे होते.

इथे चित्रण बंद करू नये. स्टारलायनरची चढाई सुरळीत झाली होती. हेलियमची गळती आणि यान वळवणाऱ्या छोट्या इंजिनांतील बिघाड खऱ्या अर्थाने समोर आला तो दुसऱ्या दिवशी, स्थानकाजवळ पोहोचताना. पुढे अनेक आठवडे चाचण्या झाल्या. बोइंगला आपल्या यानावर भरवसा होता, तरी २४ ऑगस्टला नासाने ते रिकामेच परत आणण्याचा निर्णय जाहीर केला, आणि सप्टेंबरच्या अखेरीस स्पेसएक्सचे ड्रॅगन त्या दोघांसाठी दोन जागा रिकाम्या ठेवून वर गेले. ग्राहकाच्या हातातील नकाराधिकाराचे इतके स्पष्ट उदाहरण या कार्यक्रमात दुसरे नाही. म्हणून उड्डाणानंतरची पत्रकार परिषद आणि स्थानकाशी जोडणी, या दोन्ही गोष्टी पाहाव्यात.

परतीचा दिवसही दिनदर्शिकेत नोंदवून ठेवावा. वातावरणात शिरताना काही मिनिटे संपर्क तुटतो. ते अपेक्षितच असते. त्यानंतर आधी दोन लहान आणि मग चार मोठ्या हवाई छत्र्या (पॅराशूट) उघडतात. या चार मोजाव्यात आणि चौथी पूर्ण फुगेपर्यंत पाहावे: नोव्हेंबर २०२१ मध्ये स्पेसएक्सची क्रू-२ ही मोहीम परतताना एक छत्री बाकीच्यांपेक्षा उशिरा फुगली होती आणि पुढच्या उड्डाणापूर्वी नासा व कंपनीला त्याची चौकशी करावी लागली.