युद्ध, आणीबाणी आणि राष्ट्रीय सुरक्षा: घटनेचा हवाला देताना या चुका टाळा

सीमेवर काही झालं की दोन दिवसांत दोन मेसेज फिरायला लागतात. एक असतो, "युद्धाची वेळ आहे, आता सरकारला कुणी काही विचारायचं नाही", आणि दुसरा असतो, "संसदेला न विचारता हल्ला केला, हे घटनाबाह्य आहे". दोन्ही चुकीचे आहेत. मी कॉलेजच्या मुलांसोबत राज्यघटनेवर गटचर्चा घेतो, तिथे हुशार मुलंसुद्धा नेमकी याच जागी अडकतात, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहून काढू.

अमेरिकेचा नियम इथे लावणं

ही सगळ्यात कॉमन चूक. अमेरिकेच्या घटनेत युद्ध पुकारण्याचा अधिकार काँग्रेसला म्हणजे त्यांच्या संसदेला दिलाय, आणि व्हिएतनामच्या अनुभवानंतर १९७३ साली त्यांनी कायदाच केला की राष्ट्राध्यक्षाने सैन्य लढाईत उतरवलं तर ४८ तासांत काँग्रेसला कळवायचं आणि मंजुरी नसेल तर ६० दिवसांत थांबायचं, माघारीसाठी वर ३० दिवस. बातम्यांत हे इतक्यांदा ऐकलेलं असतं की आपल्याकडेही असंच असणार असं आपण धरून चालतो.

आपल्याकडे तसं कलमच नाही. कलम ५३ नुसार संरक्षण दलांचं सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडे, पण कलम ७४ मुळे राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागणार, म्हणजे खरा निर्णय सरकारचा. १९८७ मध्ये शांतिसेना श्रीलंकेत गेली ती आधी संसदेत मतदान होऊन गेली नव्हती. परदेशात सैन्य पाठवण्याआधी लोकसभेची मंजुरी लागायला हवी असं मला मनापासून वाटतं, पण असावं असं वाटणं वेगळं आणि घटनेत लिहिलंय म्हणणं वेगळं, आणि हे दोन्ही मिसळलं की समोरचा माणूस एका मिनिटात तुमचा मुद्दा पाडतो.

मग ब्रेक कुठेत? तर सुरुवातीला नाहीत, नंतर आहेत. कलम ७५ नुसार मंत्रिमंडळ लोकसभेला जबाबदार आहे, म्हणजे लढाई चालू असतानाही अविश्वास ठराव येऊ शकतो. संचित निधीतून, म्हणजे सरकारच्या मुख्य तिजोरीतून, एक रुपयाही कायद्याने मंजूर झाल्याशिवाय काढता येत नाही, सैन्याचा पैसासुद्धा. आणि तह करून देशाची जमीन दुसऱ्या देशाला द्यायची झाली तर सरकारची नुसती सही पुरत नाही, बेरूबारी (पश्चिम बंगालमधला सीमेवरचा भाग) प्रकरणात १९६० मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की त्यासाठी घटनादुरुस्ती लागेल, आणि २०१५ मध्ये बांगलादेशाशी जमिनीची अदलाबदल झाली तेव्हाही १०० वी घटनादुरुस्ती करावी लागली. तर "घटनाबाह्य" म्हणायच्या आधी यातला कुठला ब्रेक तुटला ते शोधा.

युद्ध म्हणजे आणीबाणी असं समजणं

आणीबाणी आपोआप लागत नाही, ती कलम ३५२ खाली जाहीर करावी लागते. १९९९ मध्ये कारगिलची लढाई झाली, आणीबाणी जाहीर झाली नाही, त्यामुळे त्या काळात नागरिकांचे सगळे हक्क जसेच्या तसे चालू होते.

उलटी चूक जास्त घातक आहे, ती म्हणजे युद्ध संपलं की आणीबाणी संपते असं धरणं. चीनशी लढाई २० ऑक्टोबर ते २१ नोव्हेंबर १९६२, महिनाभराची, आणि आणीबाणी २६ ऑक्टोबर १९६२ ला लागली ती उठली १० जानेवारी १९६८ ला! १९७१ चं युद्ध १६ डिसेंबरला संपलं, पण ३ डिसेंबरला लागलेली आणीबाणी मार्च १९७७ पर्यंत चालूच होती, म्हणजे २५ जून १९७५ ला जी लागली ती पहिली चालू असतानाच वर लागलेली दुसरी होती. हे सांगितलं की वर्गात बहुतेकांना धक्का बसतो. मला यातली सगळ्यात काळजीची गोष्ट हीच वाटते, की सुरू होताना कारण खरं असतं आणि लांबत जाताना कुणी कारण विचारत नाही.

१९७५ चं कलम डोक्यात ठेवून आजचा वाद घालणं

"एका रात्रीत सही झाली की संपलं" असं लोक म्हणतात. तेव्हा तसंच झालं होतं, मंत्रिमंडळाला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. पण १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने हे कलम बरंच बदललंय. "अंतर्गत अशांतता" हे कारण काढून "सशस्त्र बंड" आलं. कॅबिनेटचा निर्णय राष्ट्रपतींना लेखी कळवल्याशिवाय घोषणा करता येत नाही. एका महिन्यात दोन्ही सभागृहांची मंजुरी लागते, तीही विशेष बहुमताने (एकूण सदस्यांपैकी निम्म्याहून जास्त आणि हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश), आणि मग दर सहा महिन्यांनी पुन्हा तेच. आणि फार कमी लोकांना माहीत असलेली तरतूद म्हणजे लोकसभेच्या एक दशांश सदस्यांनी लेखी नोटीस दिली तर १४ दिवसांत खास बैठक बोलवावी लागते आणि तिथे साध्या बहुमताने नामंजुरीचा ठराव झाला तर राष्ट्रपतींना आणीबाणी मागे घ्यावीच लागते. लावायला विशेष बहुमत, उठवायला साधं. ज्यांनी हे लिहिलं त्यांच्यातले कित्येकजण स्वतः तुरुंगात राहून आले होते, हे वाचताना लक्षात ठेवा.

"आणीबाणीत सगळे हक्क जातात"

नाही जात. कलम १९ चे हक्क, म्हणजे बोलणं, सभा, संघटना वगैरे, ते आपोआप स्थगित होतात पण फक्त युद्ध किंवा परकीय आक्रमणाच्या आणीबाणीत, सशस्त्र बंडाच्या नाही. बाकी हक्कांसाठी कोर्टात जाणं राष्ट्रपतींच्या आदेशाने थांबवता येतं, मात्र कलम २० आणि २१ ला हात लावता येत नाही.

हा अपवाद असा का आला ते जबलपूर खटल्यामुळे कळतं. २८ एप्रिल १९७६ ला सुप्रीम कोर्टाने ४ विरुद्ध १ असा निकाल दिला की आणीबाणीत डांबलेला माणूस हेबियस कॉर्पससाठी, म्हणजे बेकायदा डांबल्याविरुद्धच्या अर्जासाठी, कोर्टाचं दारच ठोठावू शकत नाही. विरोधात एकटे न्यायमूर्ती एच. आर. खन्ना. पुढे जानेवारी १९७७ मध्ये त्यांना डावलून कनिष्ठ न्यायमूर्तींना सरन्यायाधीश केलं आणि त्यांनी राजीनामा दिला. तो बहुमताचा निकाल चुकीचा होता हे ऑगस्ट २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने स्पष्ट सांगून तो रद्द ठरवला. तरी अजून नोट्समध्ये तो चालू कायदा म्हणून छापलेला मी पाहिलाय.

नोट्सचा विषय निघालाच आहे तर अजून एक. प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेत, म्हणजे गुन्हा होण्याआधीच खबरदारी म्हणून डांबताना, सल्लागार मंडळाच्या (डांबणं योग्य आहे का हे तपासणारं मंडळ) मताशिवाय दोन महिने ठेवता येतं असं काही पुस्तकांत असतं. ४४ व्या दुरुस्तीत तसं लिहिलं खरं, पण तो भाग आजवर लागूच केलेला नाही, त्यामुळे मुदत तीन महिन्यांचीच आहे. आणि अफस्पा (अशांत भागात सैन्याला विशेष अधिकार देणारा कायदा) लागू असायला आणीबाणी लागत नाही, तो १९५८ पासूनचा वेगळा कायदा आहे, त्यात केंद्राच्या परवानगीशिवाय जवानांवर खटला चालत नाही, पण म्हणून चौकशीच होऊ शकत नाही असं नाही, २०१६ मध्ये मणिपूरच्या प्रकरणात कोर्टाने हे सांगितलंय.

"राष्ट्रीय सुरक्षा" हा शब्द आला की हात टेकणं

पेगासस (फोनमध्ये घुसून पाळत ठेवणारं सॉफ्टवेअर) प्रकरणात, ऑक्टोबर २०२१ मध्ये, सुप्रीम कोर्ट म्हणालं की नुसता राष्ट्रीय सुरक्षेचा उल्लेख केला म्हणून सरकारला दर वेळी मोकळी वाट मिळणार नाही. एप्रिल २०२३ मध्ये एका मल्याळम न्यूज चॅनलचं लायसन्स सुरक्षेच्या कारणाने अडवलं होतं, कारणं सीलबंद लिफाफ्यात फक्त कोर्टाला दिलेली, तेही कोर्टाने रद्द केलं. पण याच्या आधारावर "कोर्ट नेहमी वाचवतं" असंही समजू नका, कारण सुरक्षेला खरंच धोका आहे का हे ठरवणं सरकारचं काम असं म्हणून कोर्टाने माघार घेतलेले निकालही आहेत.

समजा तुमच्याकडे इंटरनेट बंद झालं किंवा ओळखीच्या कुणाला उचललं, तर आधी भाषण नको, आधी ऑर्डर मिळवा. कुठल्या कायद्याखाली, कुणाच्या सहीने, किती दिवसांसाठी, फेरविचार कोण करणार. इंटरनेट बंदीचे आदेश प्रसिद्ध करावे लागतात आणि बेमुदत बंदी चालत नाही हे जानेवारी २०२० च्या काश्मीरच्या निकालात आहे. स्थानबद्धतेत कलम २२ नुसार कारणं लवकरात लवकर सांगावी लागतात आणि त्यावर म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते, काही तथ्यं सार्वजनिक हिताच्या नावाखाली रोखता येतात पण कारणं नाहीत.

ऑर्डरमधले शब्द नीट वाचा, एकेक शब्द. राममनोहर लोहियांना भारत संरक्षण नियमांखाली डांबलं होतं. नियमात शब्द होता "सार्वजनिक सुव्यवस्था" आणि पाटण्याच्या जिल्हा दंडाधिकाऱ्याने ऑर्डरमध्ये लिहिलं "कायदा आणि सुव्यवस्था". कोर्टाने सांगितलं हे एक नव्हे, तीन वर्तुळं समजा एकात एक, सगळ्यात मोठं कायदा आणि सुव्यवस्थेचं, त्याच्या आत सार्वजनिक सुव्यवस्थेचं, आणि सगळ्यात आतलं, सगळ्यात लहान, ते राज्याच्या सुरक्षेचं. लोहिया सुटले. हा निकाल सप्टेंबर १९६५ चा, आणीबाणी चालू, पाकिस्तानशी युद्ध पेटलेलं.

त्याच महिन्यात आपल्या मुंबईचंही एक प्रकरण सुप्रीम कोर्टात निकाली निघालं. प्रभाकर पांडुरंग संझगिरी नावाचे स्थानबद्ध, मुंबईच्या तुरुंगात, त्यांनी आत बसून अणुविज्ञानावर मराठीत पुस्तक लिहिलं होतं आणि ते छापायला बाहेर पाठवायची परवानगी मागितली. महाराष्ट्र सरकारने नाही म्हटलं. हायकोर्टाने पाठवू द्या म्हटलं तर सरकार अपिलात गेलं, आणि तिथे सरकारला एवढंच विचारलं गेलं की स्थानबद्धाने पुस्तक पाठवू नये असं नियमात कुठे लिहिलंय ते दाखवा. तसं कुठेच लिहिलेलं नव्हतं. अपील फेटाळलं गेलं.