एक्डिस शिकताय ना, मग आधी सेफ्टी कंटूर पक्का करा

सुट्टीत सांगलीला आलो की ओळखीतली दोन-तीन पोरं घरी येतातच, कुणी डेक कॅडेट, कुणी नुकतंच सेकंड मेटचं लायसन काढलेला, आणि प्रश्न एकच, दादा एक्डिसचा, म्हणजे जहाजावरच्या कॉम्प्युटर चार्टचा (समुद्री नकाशाचा) कोर्स झालाय पण जहाजावर गेल्यावर जमेल का. कोर्स ४० तासांचा असतो, त्यात बटणं कळतात, पण जहाजावर मशीन दुसऱ्याच कंपनीचं निघतं, फुरुनोवर शिकलात आणि पुढ्यात जेआरसी आलं की मेनू सगळा वेगळा, म्हणून त्या मेकचं ट्रेनिंगपण लागतंच. ते होईल. पण एक गोष्ट सगळ्या मशीनवर सारखी आहे आणि तीच नीट कळलेली नसते, ती म्हणजे सेफ्टी कंटूर, चार्टवरची ती खोलीची रेघ जिच्या आत आपल्या जहाजाला पाणी कमी पडतं.

आपल्याकडं हे समजायला सोपं आहे बघा. आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ४० फुटाला गेलं की इशारा पातळी, ४५ ला धोका पातळी, पण नुसत्या आकड्यानं काय होत नाही, आपल्या घराचा उंबरा किती फुटावर आहे हे माहीत असेल तरच त्या आकड्याला अर्थ. २०१९ ला ५७ फुटाच्या वर पाणी गेलं तेव्हा कृष्णाकाठच्या प्रत्येकाला आपापला आकडा कळला. सेफ्टी कंटूर म्हणजे तुमच्या जहाजाचा उंबरा, फक्त उलटा, इथं पाणी कमी झालं की धोका.

आता आकडा काढायचा कसा. समजा ड्राफ्ट, म्हणजे जहाज पाण्यात किती खोल बसलंय ते, ९.२ मीटर, त्या स्पीडला स्क्वॉट, म्हणजे वेगामुळं ते आणखी खाली बसतं ते, ०.९, कंपनीनं सांगितलेलं तळाखालचं पाणी १ मीटर. मग चार्टचा भरवसा किती ते बघायचं, त्या दर्जाला कॅटझॉक म्हणतात, तो बी असेल तर खोलीत १ मीटर अधिक खोलीच्या २ टक्के एवढी चूक असू शकते, म्हणजे इथं साधारण १.२ धरा. बेरीज १२.३, भरती धरलेली नाही, वरच्या पूर्ण आकड्याला नेऊन १३ टाकायचे. कंपनीची पद्धत थोडी वेगळी असू शकते, सेफ्टी मॅन्युअल वाचा, पण बेरीज स्वतः करा, मागच्या वॉचवाल्यानं (पाळीवाल्यानं) ठेवलेला आकडा तसाच चालवू नका.

इथंच सगळे अडकतात. तुम्ही १३ टाकले पण चार्टमधे कंटूर आहेत १० आणि २० चे, मग एक्डिस १३ ची रेघ स्वतः काढत नाही, पुढची खोल रेघ उचलतं, म्हणजे २०. आता १३ ते २० मधलं चालण्यासारखं पाणीपण निळं दिसतं आणि जहाज तिथं शिरणार म्हटलं की अलार्म. मी एका जहाजावर जॉईन झालो तेव्हा नदीच्या तोंडाशी हाच अलार्म सारखा वाजत होता आणि ब्रिजवरचे, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीतले, सगळे न बघता अॅक्नॉलेज (अलार्म कळला असं सांगणारं बटण) दाबत होते, मला ते बघून खरंच भीती वाटली. काहीजण वैतागून कंटूर १० करतात, ते तर अजिबात करू नका, मग १० ते १३ मधलं पाणी सेफ दिसायला लागतं आणि तुमचं जहाज तिथं चालणार नाही. बरोबर उपाय असा की कंटूर २० राहू दे, सेफ्टी डेप्थ १३ ठेवा म्हणजे १३ आणि त्याखालचे खोलीचे आकडे ठळक काळे दिसतात, आणि ते बघून नो-गो एरिया, म्हणजे जिथं जायचंच नाही तो भाग, स्वतः हातानं आखून घ्या. वेळ जातो, जाऊ द्या.

२०१३ च्या सप्टेंबरमधे ओव्हिट नावाचा केमिकल टँकर डोव्हरच्या सामुद्रधुनीत वार्न बँकवर चढला. रूट त्या उथळ पट्ट्यावरूनच काढलेला, ज्युनिअर ऑफिसरनं केलेला आणि कुणी नीट तपासला नव्हता, सेफ्टी कंटूर जहाजाला धरून नव्हता, अलार्मचा आवाजपण येत नव्हता. जहाज अडकलंय हे वॉचवरच्या ऑफिसरला कळायला १९ मिनिटं लागली. मशीन चालूच होतं बरं का.

घरी सराव करायचा तर लॅपटॉपवर ओपनसीपीएन हा चार्ट दाखवणारा प्रोग्राम टाका, फुकट आहे, आणि अमेरिकेच्या नोआ या सरकारी संस्थेचे ईएनसी (इलेक्ट्रॉनिक) चार्टपण फुकट मिळतात. सेलच्या (चार्टच्या एका तुकड्याच्या) नावात तिसऱ्या जागेवरचा आकडा बघा, ५ असेल तर हार्बर, म्हणजे बंदराचा, तो घ्या. सेटिंगमधे शॅलो, सेफ्टी आणि डीप असे तीन आकडे असतात, सेफ्टी आधी ५ ठेवा मग १३ करा आणि रंग कसा सरकतो ते शांतपणे बघा. काही सेलमधे कंटूर ९.१, १८.२ असे विचित्र दिसतील, ते फॅदम या खोलीच्या मापावरून मीटर केलेले असतात, घाबरू नका. मग झूम आऊट करा, खोलीचे आकडे गायब होतात, पाणी तेवढंच उथळ असतं हां, फक्त दिसत नाही. म्हणून रूट तपासताना प्रत्येक लेग (रूटचा एक तुकडा) मोठ्या स्केलवर जाऊन डोळ्यानं बघायचा. ओपनसीपीएन तुमच्या रूटची खोली तपासून देत नाही, सवय लागायला ते बरंच आहे. हे फक्त शिकण्यापुरतं, जहाज चालवायला मान्यता असलेलंच एक्डिस लागतं.

आणि जीपीएसवर डोळे झाकून बसू नका, आजकाल जॅमिंग (सिग्नल मुद्दाम दाबणं) खूप होतंय. दर थोड्या वेळानं रडार ओव्हरले (चार्टवरच रडारचं चित्र) लावा, किनाऱ्याचा इको चार्टच्या रेघेवर बसतोय का बघा, एखाद्या दीपगृहाचं बेअरिंग (दिशा) आणि रडारचं अंतर घेऊन चार्टवर टाका. ते जुळलं नाही तर स्क्रीनवरची जहाजाची खूण कितीही छान दिसू दे, लगेच कॅप्टनला बोलवा.